हेलियमबाईंचे भोवरे

चंद्रपूरच्या मे महिन्यात, जेव्हा आमच्या कॉलेजच्या पायरीवर कच्चा पापड ठेवला तर भाजूनच हाती यायचा आणि कावळे रजेचा अर्ज टाकून निघून जायचे, तेव्हा भौतिकशास्त्राच्या आमच्या हेलियमबाई शून्याखाली दोनशे एकाहत्तर अंशांत काम करत. शेजारच्या खोलीत मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. डोळ्यांनी पाहिलंय.

हेलियम अर्थात संगणकात होतं. पण हे पटणार कोणाला? पोरी पाण्याच्या बाटल्या घेऊन यायच्या. "बाई, थोडं थंड करून द्या ना!" एकदा तर प्राचार्य साठा तपासायला आले.

"हेलियम कुठी ठेवलं, बाई?"

"गणितात, सर. गळत नाई."

इतक्या थंडीत हेलियम घर्षणाविना वाहतं, आणि त्यात उठणारे भोवरे दोऱ्यासारखे बारीक, सगळे एकाच जोराचे. दोन भोवरे भिडले की तुटतात आणि तुटलेली टोकं अदलाबदल करून पुन्हा जुळतात. अरुंद नळीतून हेलियम वाहताना या दोऱ्यांचा गुंता स्थिरावतो तेव्हा गर्दी कुठे होते, मधोमध की भिंतींलगत, एवढंच बाईंना पाहायचं होतं. "भिंतीशी असेल," त्या म्हणायच्या. "पण मले वाटून काय उपयोग? दिसलं पाहिजे."

आता अडचण अशी, की संगणक रिकामे मिळायचे ते फक्त उन्हाळी सुटीत. आणि नेमका तेव्हाच एटापल्लीकडच्या त्यांच्या गावात तेंदूपत्त्याचा हंगाम. अख्खं घर पानं तोडायला जंगलात, आणि माय फोनवर, कधी येते म्हणून. बाई माडियात बोलायच्या, पण रोजचं एकच असल्यानं मलाही पाठ झालं होतं: गुंता थांबला की येते. तेवढ्यात वीज जायची, गणित कोलमडायचं, आणि बाई पुन्हा पहिल्या भोवऱ्यापासून सुरू करायच्या. असे किती हंगाम गेले!

गेल्या वर्षी गुंता खरोखरच स्थिरावत आला, आणि बाईंना ताप भरला. मी दवाखान्यात चला म्हणून ओरडलो. माझ्या ओरडण्यानं ताडोब्यातले वाघ मोहर्लीच्या फाटकापर्यंत पळाले असतील, बाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"ताप माझ्या अंगात आहे भाऊ, नळीत नाई. दोन दिवस थांबा."

मलेरिया मेंदूत चढला होता. दवाखान्यात नेलं तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या, आणि मग उठल्याच नाहीत. खोलीत संगणक मात्र चालूच होता. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गुंता स्थिरावला.

त्या गुंत्याचं चित्र छापून मी बाईंच्या गावी गेलो. अंगणात पानांचे पुडे वाळत होते. माय चित्राकडे बघत राहिली, काहीतरी बोलली. बाईंच्या भावानं सांगितलं, "माय विचारून राह्यली, हेच का ते, जे पोरीले घरी येऊ देत नव्हते?"

मला काही तिखटमीठ लावता आलं नाही. म्हटलं, "हो."

माय पुन्हा बोलली. भावानं सांगितलं, "मंग कुठी होती गर्दी?"

मी मायचं बोट धरून भिंतीलगत ठेवलं. दोरे तिथेच दाटले होते. मायनं बोट वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं, खाली पोचल्यावर पुन्हा वर नेलं. तेंदूच्या चिकानं काळ्या पडलेल्या त्या बोटाची रेघ कागदावर उमटत गेली, आणि मी कागद तिच्याच हाती सोडून दिला.