एक्स-रेची नळी

बाजारात दादाला सगळे वारावैद्य म्हणतात. माझा हा थोरला भाऊ बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि त्याचं निदान ठरलेलं असतं: "मशीनला काही झालेलं नाही, त्याला श्वास घेता येत नाहीये." पुढच्या पंख्याने गार हवा आत ओढायची, मागच्याने गरम हवा बाहेर फेकायची, एवढं साधं गणित. पण लोक हौसेने चार पंखे लावतात, आणि ते एकमेकांशी भांडत बसतात. दुकानाचं काउंटर मी सांभाळते, म्हणजे लोकांची बोलणी मी खाते आणि कौतुक दादाचं होतं.

त्याच्या दोन सवयी साऱ्या बाजाराला ठाऊक. कॅबिनेट बंद करण्याआधी तो पंख्यासमोर शिवणाचा दोरा धरतो. दोरा ज्या बाजूला ओढला जाईल, तिकडे वारा. आणि दुरुस्तीच्या आधी नि नंतर तो मशीनचा आवाज माइकवर रेकॉर्ड करून ठेवतो, गिऱ्हाइकाला फरक ऐकवायला. प्रोसेसर फारच तापत असेल तर बाहेरची गार हवा थेट त्याच्यापर्यंत नेणारी नळी तो जुन्या एक्स-रेच्या फिल्मची करतो. फिल्म हवी तशी वळते आणि वळवलेली तशीच राहते. लोक घरातल्या जुन्या फिल्म आणून देतात, त्यांचा गठ्ठा माळ्यावर असतो.

वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. छातीचं दुखणं होतं. दवाखान्यात घशात नळी घातल्यावर तिला बोलता आलंच नाही. त्याच्या आदल्या दुपारी ती दुकानात येऊन स्टुलावर बसली होती, आणि दादाला काहीतरी म्हणाली होती. मी नेमकी तेव्हा बाहेर गेले होते. काय म्हणाली, ते दादाला आठवेना. त्याचं सगळं लक्ष पंख्यात. या एका गोष्टीने तो आतून पोखरला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून मीही कधी खोदून विचारलं नाही.

मग गेल्या आठवड्यात जुनी रेकॉर्डिंग पुसताना त्याला ती दुपार सापडली. पंख्याची घरघर, आणि तिच्याखाली दबलेला वहिनीचा आवाज. शब्द एकही कळेना.

घरघर वेगळी काढणारा प्रोग्राम होता, पण त्याला सात तास लागणार होते. दुकानातलं त्यातल्या त्यात दणकट मशीन तिसऱ्या तासाला तापून बंद पडायचं. आवाज दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला दादा तयार नव्हता. सलग तीन दिवस तेच झालं. चौथ्या दिवशी सकाळी त्याने माळ्यावरून फिल्म काढली, नळी वळवली, तिच्या तोंडाशी पंखा बसवला आणि समोर दोरा बांधला.

दोरा आत ओढला गेला. मग बाहेर आला. मग पुन्हा आत, सावकाश.

"पंखा उलटा बसवलास," मी म्हणाले. "वैद्यबुवा, वय झालं तुमचं."

त्याने सगळं उघडून पाहिलं. पंखा सुलटाच होता. मागचाही. टेबल हलवलं, दार लावलं, तरी दोऱ्याचं तेच. मी वाकून नळीमागे बॅटरी धरली. फिल्मवर बरगड्या दिसत होत्या, आणि कोपऱ्यात वहिनीचं नाव, वय, तारीख. वहिनी गेल्यावर कपाट मीच आवरलं होतं. नको ते कागद म्हणून फिल्म मीच त्या गठ्ठ्यात टाकल्या होत्या.

"दादा, काढ ती," मी म्हणाले. "माझं चुकलं. दुसरी लाव."

त्याने कोपरा वाचला.

"राहू दे," तो म्हणाला. "मशीन गार राहतंय."

आणि खरंच राहिलं. तीन तास झाले, पाच झाले. मी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवत होते. पाठ फिरवली तरी तो दोरा मला दिसत होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास काम पुरं झालं, आणि आम्ही दोघं स्पीकरजवळ बसलो.

वहिनी अगदी जवळून बोलली. "अहो, तो पंखा जरा बंद करा ना. मला तुम्हाला काही सांगायचंय, आणि दम लागतोय."

"एक मिनिट," दादाचा आवाज आला. "एवढं रेकॉर्ड होऊ दे."

"बरं."

पुढे नुसता तिचा श्वास. आत, बाहेर. चार मिनिटं ती स्टुलावर थांबून राहिली होती. मग रेकॉर्डिंग संपलं.

दादाने हात लांब करून भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. मशीन थांबलं, पंख्यांची पाती फिरायची राहिली, डोक्यावरचा पंखाही थांबला. दोरा थांबला नाही. आत गेला, बाहेर आला, अगदी रेकॉर्डिंगमधल्या चालीने.

दादाने स्टूल नळीजवळ ओढलं आणि बसला.

"केला बंद," तो म्हणाला. "बोल आता."

मला खूप भीती वाटत होती. तरी मी उठले आणि शटर अर्धं खाली ओढलं, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून.