बीजकोठीची दुसरी चावी

नव्या चावीला तापल्या लोखंडाचा कडवट वास होता. धाकट्या भावाने ती हुंगून, हसत खिशात टाकली होती. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात धातूची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून आमच्या बीजकोठीसाठी अशा दोनच चाव्या घडवल्या होत्या. दाते चावीच्या पोटात दडलेले, म्हणून नक्कल होणार नाही, असे सांगितले होते. एक चावी माझ्या गळ्यात, दुसरी भावाकडे. कोठीत मी बारा वर्षे जोपासलेल्या कापसाच्या मूळ वाणाचे बियाणे होते.

परवा कोठी उघडली तेव्हा कुलूप शाबूत होते, पण बियाण्याच्या पिशवीच्या तोंडाची गाठ माझी नव्हती आणि पिशवी निम्म्याने हलकी झाली होती.

भावाला काही विचारण्याआधी मी अंबडच्या बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्या चावीवाल्याकडे गेले. त्याने चावी उलटीपालटी केली आणि तो हसला.

"हिला तर दातच न्हाईत, बाई! माझ्यासारखीच बोळकी हाय."

"बाबा, नीट पाहा ना. कुणीतरी हिची जोड बनवली असेल. बनवता येत असेल की!"

आयुष्यात प्रथमच मला एक चोर हवा होता; अनोळखी, हातात कानस असलेला.

त्याने चावीच्या भोकात बारीक तार सरकवली, डोळे मिटून बराच वेळ चाचपले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहताना त्याचे हसू मावळले. चावी माझ्या तळहातावर ठेवत तो हळूच म्हणाला, "न्हाई."