हेलिकॉप्टर आलं होतं

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नवी मुंबई तेव्हा नुकती उभी राहत होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या फायर स्टेशनात मी टेलिफोन आणि वायरलेस सांभाळायचो. एका सकाळी रसायनांच्या एका कारखान्यात आग लागली. आमच्या दोन्ही गाड्या गेल्या. थोड्या वेळाने वायरलेसवर साहेब म्हणाले, छपरावरची टाकी रंगवायला चढलेला माणूस वर अडकलाय, जिना पेटलाय, आपली शिडी पोचत नाही, हेलिकॉप्टर मागव.

आमच्या खात्याकडे हेलिकॉप्टर नव्हतंच. मी कलेक्टर कचेरीला फोन केला, त्यांनी लष्कराला. तासाभराने निरोप आला की निघालंय.

तोवर त्या रंगाऱ्याची बायको स्टेशनात आली होती. दोघं मूळचे परभणीकडचे, तळवलीला भाड्याच्या खोलीत राहायचे. कारखान्याच्या फाटकावर पोलिसांनी अडवलं म्हणून ती आमच्याकडे चालत आली. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. हेलिकॉप्टर येतंय, दोर सोडून त्याला उचलतील, असं सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली.

डोक्यावरून आवाज गेला तशी ती धावत बाहेर गेली. मी आत वायरलेसपाशीच. हेलिकॉप्टरने दोन-तीन फेऱ्या मारल्या. धुरात छप्पर दिसेना, आणि खाली येऊ लागलं की पंख्याच्या वाऱ्याने आग आणखी भडके. शेवटी ते माघारी फिरलं. मग छप्परच कोसळलं. हे सगळं मी ऐकत होतो तेव्हा ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काही सांगावं लागलं नाही.

महिन्याभराने ती भरपाईसाठी लागणारा आगीचा दाखला न्यायला आली. कागद हातात घेतला तरी जाईना. मग म्हणाली, "भाऊ, ह्यांला इमान दिसलं आसंल का?"

साहेब मला म्हणाले होते, हेलिकॉप्टर यायच्या आधी बराच वेळ तो माणूस कुणालाच दिसला नव्हता.

"दिसलं," मी म्हणालो. "हात हलवला त्याने."

"मग बरं," एवढंच बोलून ती गेली.

पुढच्या आठवड्यात ती गावाकडून आलेल्या सासूला घेऊन आली. म्हातारीला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं; या वेळी तो उभा होता, वर बघत होता, असंही बोलून गेलो. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणता हात?

"उजवा."

"लेकरू डावखुरं व्हतं माजं."

मला वर बघवेना. टेलिफोन वाजावा असं वाटत होतं, तोही वाजेना. सून हळूच म्हणाली, "डाव्या हातानं कठडा धरला आसंल, आत्याबाई."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. जाताना दोघींपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच वर्षी मी अर्ज करून स्टोअरमध्ये बदली घेतली. साहेबांनी कारण विचारलं. कानाचा त्रास आहे, म्हणालो.