मोठा बाजा साइटवर

हे बाहेर सांगायचं नाही, असं पंडितकाकांनी मला बजावलं होतं. लिंबायतमध्ये दुसरे बँडवालेही राहतात, ते हसतील म्हणून. पण काकांच्या बँडमधली माणसं लूमवरची पाळी संपली की आमच्याकडे येतात, चहा पितात आणि एकेक किस्सा टाकून जातात. कप काकू उचलते, किस्से तिथेच राहतात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

त्या वर्षी लग्नवाले आधी एकच विचारायला लागले, "इलेक्ट्रिक ऑर्गन आहे का?" नाही म्हटलं की सुपारी दुसऱ्या बँडला. ऑर्गन घ्यायचा तर काहीतरी विकायला हवं होतं, आणि विकण्यासारखा होता फक्त मोठा बाजा. पितळेचा, फुंकून वाजवायचा, अंगात घालून खांद्यावर घ्यायचा. भंगारवाला तो तोलायला लागला तेव्हा काकांनी त्याला हाकलून दिलं.

तो बाजा नाना वाजवतात. नाना म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. त्यांना दुसरं काही वाजवता येत नाही. बाजा गेला की बँडमध्ये नाना काय करणार, हे कोणी विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून बाजा खाटेवर आणि नाना खाली झोपायला लागले.

*

पर्वत पाटियाला जिग्नेशभाईंचं सायबर कॅफे आहे. मी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते, म्हणून बाजा इंटरनेटवर विकायला काका मला तिथे घेऊन गेले. सोबत ढोल वाजवणारे तुकाराममामा आणि नाना. लिलावाच्या तीन साइट होत्या. पहिली उघडेपर्यंत मामांना डुलकी लागली. दुसरीवर काकांना एक बाई दात दाखवून हसताना दिसली. ओळख नसताना हसते म्हणून तीही बाद.

तिसरीने पासवर्ड विसरला तर काय, म्हणून आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारलं. मी वाचून दाखवल्यावर काका खुर्चीत सरळ बसले.

"हीच घ्यायची. आजोळ विचारून व्यवहार करते."

मग मामांनीही आपल्या आईचं माहेर मला लिहायला लावलं. त्यांचं खातंच नव्हतं!

*

साइटला फोटो लागतो. दसऱ्याला वाद्यांची पूजा होते, तेव्हाच काढून घेऊ असं ठरलं. नानांनी बाजा खाली ठेवायला नकार दिला. ते बाजाच्या वेढ्यात बसले आणि काकूने बाजाला घातलेला झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात आला. फोटोवालाही म्हणाला की छान दिसतंय.

चौथ्या दिवशी कुठल्याशा लांबच्या गावाहून इंग्रजीत निरोप आला. तुमच्या आजोबांच्या आत्म्यास शांती लाभो, वाद्य मात्र सध्या नको.

काकांनी नानांकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "लिही, आता बरं आहे."

नाना मात्र आठवड्यात पहिल्यांदा खुशीत होते. मेलेल्या माणसाचा बाजा कोणी घेत नाही, असं ते मामांना सांगत होते.

*

पण घेणारा निघाला. बोली आली आणि ती स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसली. तुकाराममामा दचकले. गावाकडे त्यांनी बैलांचे सौदे केलेत. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्यालाही कळत नाही. इथे भाव अख्ख्या कॅफेसमोर उघडा!

त्यांनी खांद्यावरचा रुमाल स्क्रीनवर टाकला. दुसरं टोक माझ्या हातावर घेतलं, खालून माझी तीन बोटं दाबली आणि हळूच म्हणाले, "हे दाबणं पाठव."

जिग्नेशभाई आले. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांच्याही घरात कोणीतरी बाजारात असंच करत असावं. ते गुजरातीत एवढंच म्हणाले, "मामा, रुमाल लई लो, मशीन गरम थाय छे."

*

बोली लावणारा कडोदऱ्याचा निघाला. अख्ख्या देशाला दिसणारी साइट, आणि गिऱ्हाईक रिक्षाने येण्याच्या अंतरावर! त्याचाही बँड होता. म्हणाला, फोनवर वाजवून दाखवा.

नाना कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये शिरले. बाजाचं तोंड बाहेर राहिलं. बेसूर वाजवणार, असं त्यांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं. पहिली फुंक खरंच म्हशीसारखी निघाली. काकांचा चेहरा पडला.

तेवढ्यात समोरचा पानवाला हसून म्हणाला, "नाना, दम संपला वाटतं."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि नवरदेव दारात येतानाची चाल अशी वाजवली की दोन बायका वरात बघायला ओट्यावर आल्या. कडोदऱ्याच्या माणसाने बोली वाढवली. नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पानवाल्याशी तर अजून बोलत नाहीत.

*

शेवटी तो माणूस रिक्षा घेऊन आला. नाना म्हणाले, तुम्हाला उचलणार नाही. त्यांनी बाजा अंगात घातला आणि तसेच रिक्षात जाऊन बसले. माणसाला वाटलं, मदत करतायत. त्याने आभार मानले आणि उतरायची वाट पाहत उभा राहिला.

नाना थोडे सरकले आणि त्याला बसायला जागा केली.

"नाना, उतरा आता," काका म्हणाले.

"मी पाठराखीण शे," नाना अहिराणीत म्हणाले. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. तिला रिक्षातून उतरवायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. काकू आत गेली आणि नानांच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली. ती आधीच भरलेली होती!

परवा तो माणूस एकटाच आला. पाणी पिऊन म्हणाला, बाजा परत घ्या, पैसे नकोत. नाना कोणाला हात लावू देत नाहीत. कोणी लावलाच तर म्हणतात, आमच्याकडे हिला असं वागवत नव्हते. आणि चहा रोज पातळ आहे म्हणतात.

काकांनी शांतपणे सांगितलं, "साइटचा नियम आहे. विकलेलं परत घेत नाही."

त्यावर त्या माणसाने आवाज खाली आणला आणि विचारलं की मग निदान नानांना तरी—

थांबा, काकू हाक मारतेय. गल्लीत वाजतंय काहीतरी. म्हणते, आधण वाढव आणि बाहेर ये, नाना आलेत, बाजा अंगात आहे, आणि त्यांच्यामागे कडोदऱ्याचा अख्खा बँड—