हेमाबद्दल मला विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि त्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही कधी नव्हतंच. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. ऐका फक्त.

देवासला माझा मसाल्यांचा छोटासा कारखाना आहे. गोडा मसाला, मेतकूट, तिखट. शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं; बाकी सगळं विचारत, चुकत शिकले. माझा भाचा कॉलेजात शिकवतो, तो एकदा मला ओढूनच घेऊन गेला — मावशी, नव्या धंद्यांत पैसा घालणारे लोक कसा विचार करतात, ते मुलांना तुझ्या भाषेत सांग. अशा लोकांसमोर बसून मी हात हलवत परत आलेली. एवढीच माझी पात्रता!

तर सांगितलं. हा माणूस म्हणजे बँक नव्हे, तो कर्ज देत नाही. तुमच्या धंद्यात वाटेकरी होतो. त्यातले बरेच धंदे बुडणार, हे त्याला माहीत असतं. एखादा एवढा मोठा व्हावा की बाकीच्यांचं भरून निघावं, यावर त्याची सगळी भिस्त. म्हणून तो मालाआधी माणूस बघतो. आणि गुपचूप चौकशी करतो — आपल्याकडे स्थळाची करतात ना, तशी. मागच्या बाकावरून एक जण इंदुरी ढंगात ओरडला, "मतलब दहेज भी मिलेगा, भिया?" वर्ग हसला. हेमा तेवढी मान खाली घालून लिहीत होती.

हेमा जवळच्याच पीपलरावां गावची. घरी लसणाची शेती. गावातल्या बायकांना सोबत घेऊन लसूण सोलायचा, वाळवायचा, पूड करून विकायची — असं तिच्या डोक्यात. त्या वर्गानंतर ती माझ्याकडे येऊ लागली. "काकू, ये सूँघो," म्हणत पुडी थेट नाकाशी धरायची. चारचौघांत कसं बोलायचं, ते मी तिला शिकवलं. इंदूरच्या एका गुंतवणूकदाराला ती पसंत पडली. तिच्या वडिलांनी मात्र बजावलं होतं — हे लोक हो म्हणाले तर लग्नाचं नाव काढणार नाही. नाही म्हणाले तर मुलगा बघायला लागणार. हे मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं.

मग त्या गुंतवणूकदाराचा मला फोन आला. मुलगी कशी आहे? हुशार, म्हटलं. मेहनती? फार. टिकून राहील ना?

इथे मी थांबले. का थांबले? हिच्या वयात माझ्याबद्दल असा फोन कुणी कुणाला केला नव्हता. मग हिलाच का, आणि इतक्या लवकर का — एवढंच मनात आलं. दुसरं काही नाही. आणि आयुष्यभर स्थळांच्या चौकशीला उत्तरं दिलेली माझी जीभ. कौतुक करता करता स्थळ कसं मोडायचं, ते त्या जिभेला शिकवावं लागत नाही. म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे हो — पण घरी लग्नाचं चाललंय म्हणे. कुठे जाऊन पडेल, काय सांगावं!

घरी काहीही चाललेलं नव्हतं. फोनवर त्या गुंतवणूकदाराने माझे आभार मानले.

नकार आला, गोड शब्दांत. कारण दिलेलं नव्हतं. हेमा आली, धण्याच्या पोत्यावर बसली. "काकू, मेरे में क्या कमी रह गई?" मी म्हटलं, बाजार लहान वाटला असेल गं त्यांना. पाणी दिलं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती, समजतंय ना? उलटा फोन लावायचा, मी चुकीचं बोलले म्हणायचं — झालं असतं. फोन माझ्या मांडीवर होता. नाही लावला. त्यांच्यासमोर माझी किंमत उतरली असती ना.

वडिलांनी बोलल्याप्रमाणे केलं. थोड्याच महिन्यांत लग्न ठरलं. मुलगा धार जिल्ह्यातल्या धरमपुरीचा. माझं खोटं असं खरं झालं.

मी लग्नाला गेले. आपल्या पद्धतीने ओटी भरली तिची. तिने सासूला हाताला धरून माझ्यापाशी आणलं, म्हणाली, "ये मेरी गुरु हैं," आणि वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादही दिला.