खार हिंमतवाली का कण्हेर?

टपरीवाला चहाचा ग्लास पुढे करायचा आणि आपण हात लांबवला की मागे घ्यायचा. "पहिले सांगा म्याडम, खार हिंमतवाली का कण्हेर?"

जाम गावच्या चौकात मी रोज हिंगणघाटहून येऊन उतरायची आणि वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत त्याच्या टपरीवर उभी राहायची. समोर हायवे. त्याच्या मधोमध, दुभाजकात, गुलाबी कण्हेरीची रांग. त्यातल्या एका झुडपात एका खारीचा संसार होता. टपरीवरच्या शेंगदाण्यांसाठी ती चक्क ट्रकांच्या चाकांमधून यायची. ती पोचली की हा चहा उतू जाऊ देत टाळ्या पिटायचा.

"पाह्यलं? जीव मुठीत घेऊन येते! कण्हेर काय करते? उभी राह्यते नुसती."

भजी तळणारी त्याची बायको कण्हेरीच्या बाजूची. "दिवसभर धूर खाऊन, पाण्याबिगर फुलून दाखवा. मंग बोलजा."

खारीला मत दिलं की चहात आलं जास्त पडायचं, कण्हेरीला दिलं की प्लेटमध्ये एक भजं जास्त. तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? मी भूक पाहून मत द्यायची.

मग रस्त्याचं काम निघालं. एका सकाळी जेसीबी दुभाजक उकरत त्याच झुडपापाशी आला. खार सुसाट निघाली आणि रस्ता ओलांडून टपरीमागच्या कडुनिंबावर चढली.

"वाचली!" हा नाचायलाच लागला. पण ती तशीच खाली उतरली आणि उलटी धावली, सरळ त्या धडधडाटात.

"अवं, पिल्लं हायेत तिचे!" बायको किंचाळली.

आणि हा गडी थेट रस्त्यात! दोन्ही हात पसरून. ब्रेक करकचले, ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या, जेसीबीवालाही थांबला. कण्हेरीतून खार निघाली, तोंडात पिल्लू. ते झाडावर ठेवलं, परत गेली, दुसरं आणलं. चौकात अशा शिट्ट्या वाजल्या म्हणून सांगू! शिव्या देणारे ड्रायव्हरच सगळ्यांत जोरात. मला तर रडूच फुटलं.

तो मात्र रस्त्यातच उभा होता, झुडपाकडे बघत. मग त्यानं मजुराकडून फावडं मागून घेतलं.

"लेकरं इनंच सांभाळले," तो म्हणाला. "इले पळता येत नाई. मीच नेतो."

त्याच आठवड्यात टपऱ्याही उठल्या. तो कुठे गेला ते मला आजवर कळलेलं नाही. शेवटचा पाहिला तो हातगाडी ओढताना. गाडीवर शेगडी, बाकडं, आणि पोत्यात मुळं बांधलेली ती कण्हेर. बायको बाजूनं चालत होती. खड्डा आला की तो मागे वळून ओरडायचा, "भांडे पडू दे! तिले धर वं, तिले!"