हाडाचा काठ

बाबांच्या क्लॅरिनेटच्या सुरात हल्ली हवा मिसळते. महाल वस्तीतल्या आमच्या माडीवर संध्याकाळी ते रियाझाला बसले, की स्वर उमटण्याआधी एक बारीकशी फुसफुस ऐकू येते आणि माझ्या जिवाची नुसती तगमग होते. लग्नाच्या बँडमध्ये हयात घालवलेला हा माणूस. त्या वाद्याचे तोंड टेकते ते वरच्या पुढच्या दोन दातांवर, आणि नेमके तेच दोन हलू लागलेले! मी दातांची डॉक्टर, पण घरच्या डॉक्टरला विचारतो कोण?

अखेर हट्टाने त्यांना दवाखान्यात आणले, एक्स-रे काढला. दाताचा पांढरा मुकुट संपतो तिथून हाडाच्या काठापर्यंतचे अंतर मोजायचे. ते जितके जास्त, तितके हाड झिजलेले. वैशाखात तलावाचे पाणी ओसरून काठ उघडा पडावा, तसे हे हाड दुखल्याखुपल्याविना, मुकाट्याने ओसरत असते. परक्यांची किती हाडे मी निर्विकारपणे मोजली! आज मात्र पडद्यावरची खूण जिथे टेकवावी तिथून मुकुटाकडे सरकलेली वाटे. पुन्हा मोजावे, तर हाड थोडे आणखी शिल्लक निघे. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. माया मोजायला बसली, की पट्टीसुद्धा लाडात येते का हो?

शेवटी नाव झाकून, माझ्या खुणेसकट ते चित्र शेजारच्या खोलीतल्या डॉक्टर मैत्रिणीला दाखवले. ती सहज म्हणाली, "अगं, तू हाड धरलंस ती नुसती धूसर सावली आहे. मुळं जेमतेम टोकाला अडकलीत. दोन्ही काढावे लागतील. कोण आहे गं पेशंट?" असा राग आला तिचा! आणि ती बरोबर होती, याचा त्याहून जास्त.

घरी येऊन बाबांना सगळे सांगितले; माझ्या लबाड मोजमापासकट. त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्यापुढे केला. मग म्हणाले, "रडून काहून राहिली वं? तू जन्मली तवा तुले तरी कुठं दात होते? तरी तुह्यं रडणं पूर्ण महालले ऐकू जाये!" मी रडतारडता हसले. त्यांनी वाद्य उचलले, दात नसल्यासारखा वरचा ओठ दातांवरून आत दुमडला आणि त्या ओठावर ते टेकवून फुंकर घातली.

माडीभर ती फुसफुस पसरली, तिच्यामागून एक वेडावाकडा, चिरफाळलेला स्वर आला. कसा ओळखीचा सूर, आणि कसा परका!

"कसा लागला?" त्यांनी विचारले. डोळे माझ्यावरच होते.

छान, हा शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"फाटला, बाबा."

"हं. आता बरोबर मोजलं तू," ते म्हणाले, आणि ओठ पुसून त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावले.